बिल कमी व्हावं म्हणून

बाबा, आई आता दिवसरात्र मशीनला लावलेली असते. स्टुलाएवढं मशीन आहे, हवेतला ऑक्सिजन ओढून नळीने तिच्या नाकात सोडतं. विजेवर चालतं आणि पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं. लालबागची आपली चाळ पाडून तिथेच जी इमारत उभी राहिली, तिच्यात आम्ही दोघी राहतो. समोरचा टॉवर इतका अंगावर आलाय की भर दुपारी ट्यूब लावावी लागते. चाळीत गॅलरीतून उजेड यायचा, आणि तरी संध्याकाळी मी जरा लवकर बटण दाबलं की तुम्ही दारातूनच ओरडायचा, "दिवो कोणाक दाखवतंस गो?"

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आई चुलीवर स्वयंपाक करायच्या का?" मला आपली भुशाची शेगडी आठवली. रॉकेल वाचावं म्हणून तुम्ही ती आणली होतीत. रविवारी सकाळी वखारीतून पोतं खांद्यावर घेऊन तुम्ही येताय, शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासताय, मग बाटली अलगद वर ओढताय, आणि भोक न ढासळता राहिलं की आईकडे बघून हसताय. आईही हसते. मग खोलीभर धूर, आणि नाकाला पदर लावून ती भाकऱ्या भाजतेय. तिला त्रास व्हावा म्हणून नव्हती आणली तुम्ही शेगडी. त्या वाचलेल्या रॉकेलातून माझे शाळेचे बूट आले. डॉक्टरांना मी नुसतं "हो" म्हटलं.

मशीन आलं आणि बिल फुगलं. पगार होता तेवढाच. मग मी घरातलं बाकीचं एकेक बंद करत गेले. गिझर बंद केला. फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवलं, रोजची भाजी रोज आणायला लागले. टीव्ही बंद, इस्त्री बंद, पंखा फक्त आईच्या खाटेवरचा. आई पडल्या पडल्या सगळं बघत होती. मला वाटलं, तिला कळत नाही.

एकदा डोकं दुखत होतं म्हणून प्रभादेवीच्या ऑफिसातून दुपारीच निघाले. दाराशी आले तर आतून मशीनचा आवाज नाही. घाईने कुलूप उघडलं. आई खाटेवर ताठ बसली होती, नळीची नीट गुंडाळी करून मांडीवर ठेवलेली. ओठ जांभळे, नखं काळी पडलेली, कपाळावर घाम. मी धावत बटण दाबलं, नळी नाकात घातली, ओरडले, "अगं, हे काय करतेस तू?" बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं. "तू भायर गेलंस की बंद करतंय. तू येवच्या आधी चालू करतंय. माका काय होता? नुसती बसानच तर आसंय." मी रडायला लागले तशी म्हणाली, "सगळा तूच एकटीन बंद करतलंस? माझ्याकडे बंद करूक ह्याच एक आसा."

डॉक्टरांना तेव्हा कुठे उलगडा झाला, मशीन असूनही तब्येत का खालावतेय याचा. हृदयावर ताण आलाय म्हणाले. गेलं ते भरून येणार नाही, आहे ते जपा. घरी येऊन मी तिला खोटंच सांगितलं की मशीनच्या विजेचं बिल येत नाही, आजारी माणसांना ती फुकट असते. तिने विचारलं, "मगे तू थंड पाण्यान आंघूळ कित्याक करतंस?" मी उठून गिझर लावला, फ्रिज लावला, दोन्ही खोल्यांतले दिवे लावले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता मी ऑफिसात असताना शेजारच्या वहिनी येऊन बसतात. आई कुणाशी फारसं बोलत नाही. बिल येतं, मी भरते, कसं ते तुम्हाला सांगून काय होणार? पुढच्या वेळी डॉक्टर मशीनचा जोर आणखी वाढवायला सांगतील, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

हे मी तिला वाचून दाखवणार नाही. घडी करून तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, फाडून टाकीन. परवा ती म्हणाली, "जरा बंद कर गो. कान किटले." नको म्हणायला हवं होतं. मी बंद केलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं ते ऐकू आलं, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. तिचा श्वास वर चढायला लागला, तिनेच बटणाकडे बोट केलं, आणि मी उठले. पण लगेच नाही उठले, बाबा. ती शांतता मला हवी होती.