एकेरी रुळाचा गोळा

नाना,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी आईने तुमचा छोट्या आगगाड्यांचा रेल्वे लेआउट फोडला, म्हणून लिहितेय.

कपडे धुण्याची मोगरी घेऊन ती माडीवर आली. “बाजूले व्हय,” मला म्हणाली. पहिला घाव दोंडाईचा स्टेशनवर. मग पूल, सिग्नल, तुमचं लाडकं काळं इंजिन! प्लायवूडच्या चिरफळ्या उडाल्या. काका जिन्यातून ओरडले, “अहो वहिनी, दादाची आठवण आहे ती!”

“तीच फोडी ऱ्हायनू, भाऊ!”

मी तिला अडवलं नाही. फक्त मेन स्विच बंद केला.

ते सगळं वायरिंग माझं होतं, नाना. मला काहीच वाटलं नसेल का? दर रविवारी आपण दोघं गाड्या चालवायचो. मार्ग एकेरी, म्हणून परवानगीचा पितळी गोळा. तो ज्याच्या हातात, त्याचीच गाडी सुटणार. डिप्लोमाला असताना मी जोडणीच तशी केली : गोळा खाचेत बसल्याशिवाय रुळात वीज नाही. “आता टक्कर शक्यच नाही, मास्तर!” म्हणत तुम्ही माझी पाठ थोपटलीत.

त्याच वर्षी दिवाळीच्या सफाईत आईचा झाडू लागून रुळांचा सांधा सरकला आणि इंजिन टेबलावरून खाली पडलं. तुम्ही सुताराचा लोखंडी गुण्या उचललात. मनगट मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. तरी तुम्ही थांबला नाहीत. मग तिच्या रक्तावरून पाय चुकवत माझ्यापाशी आलात आणि हात पुढे केलात.

“गोळा दे. अप गाडीला उशीर होतोय.”

मी मूठ उघडली नाही. तुम्ही माझं एकेक बोट पिरगाळून उघडलंत. गाडी वेळेवर सोडलीत!

प्लास्टिकच्या डब्यांना ओरखडा नको म्हणून केवढी खबरदारी! आईसाठी तुम्हाला एकदाही थांबता आलं नाही?

ते मनगट अजून सरळ होत नाही. आज त्याच हाताने तिने घाव घातले. दमल्यावर म्हणाली, “गोळा?” मी दिला. तिने तो फरशीवर ठेवून ठेचला. पितळ नुसतं खणखणलं, फुटलं नाही. मग तिने तो कनवटीला खोचला.

मला रुळांशिवाय करमणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. धुळ्याला माझ्या खोलीत मी लेआउट पुन्हा बांधीन. पण वचन देते, आईने आपणहून गोळा दिल्याशिवाय एकही गाडी सुटणार नाही. नाही दिला, तर गाडी उभी राहील. मी तिची मूठ उघडायला जाणार नाही.

रेवती