सासूचं लुगडं, शाळेतली दोरी

५ नोव्हेंबर २००७
सून जाऊन सव्वीस दिवस. ही वही तिनेच दिलेली. दोन वर्षं गादीखाली. "आई, रोज चार ओळी लिहा, दिवसभरात काय केलं तेवढंच." मी म्हटलेलं, भाकऱ्या केल्या, उद्यापण करणार, त्यात लिहायचं काय. आज गादी उन्हात टाकली तेव्हा सापडली. पहिल्या पानावर तिने माझं नाव घातलंय, राधाबाई. त्याखाली "माहेरचं नाव", पुढे जागा रिकामी. राहू दे.
दुसरी पास आहे मी. जोडाक्षरं चुकतील. तपासायला आता कोण आहे.

८ नोव्हें.
दिवाळी नाही यंदा. समोरची ज्योतीबेन फराळाचा डबा घेऊन आली. "माजी, थोडा खा लो. विलासभाई को भी देना." मी रडेन म्हणून दारात उभी राहिली बराच वेळ. मला रडू आलं नाही. मग गेली. चकल्या नरम.
विलास, माझा लेक, ऑफिसातून आला, जेवला, आवाज बंद करून टीव्ही बघत बसला. मीपण बघितला. बातम्या देणारी बाई नुसती तोंड हलवते.

१४ नोव्हें.
सुनेची मैत्रीण आली, नसीम. मीरा रोडला राहते. शेअर रिक्षाने येते, तिचे पाच रुपये जास्त घेतले म्हणून जिन्यातूनच बडबडत आली. सुनेची संस्था म्हणजे ती आणि ही नसीम, दोघीच. आणि आमच्या बाल्कनीतलं एक कपाट. शाळेत जायचं, वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीला दोरी बांधायची, त्यावर जुनी लुगडी-साड्या टांगायच्या. प्रत्येकीवर एका बाईचं चित्र, खाली तिची माहिती, सगळं शिवलेलं. पुस्तकात राजे, लढाया. ह्यांच्या दोरीवर सुइणी, मास्तरणी, मिठागरात राबलेल्या. पोरांना घरी पाठवायचं, आईचं, आजीचं, पणजीचं माहेरचं नाव विचारून या म्हणून. निम्मी पोरं रिकाम्या हाताने येतात म्हणे.
"कुंदाची पिशवी द्या अम्मा, शाळेचं सामान आहे त्यात."
कुंदा. आमच्या घरात ती सुजाता. लग्नात ताटात तांदूळ पसरून विलासने अंगठीने लिहिलं, नाव मी ठरवलेलं. संस्थेत गेल्यावर बाईने परत कुंदा काढलं. फोन यायचा, कुंदाताई आहेत का? मी सांगायची, रॉंग नंबर. एकदा एका शाळेचं आमंत्रण असंच गेलं. तिला कळलं. चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः उभ्याने प्यायली.
पिशवी दिली नाही. उद्या ये म्हटलं.

१५ नोव्हें.
पिशवी उघडली. कात्री, दोऱ्याची रिळं, चष्म्याचं घर, अर्धी लिमलेटची गोळी कागदात. आणि माझ्या सासूचं हिरवं लुगडं. गोधडीला घेते म्हणून माझ्याकडून नेलेलं. त्यावर सासूच शिवलीय. नाकात नथ, पुढ्यात बाळ. खाली निळ्या दोऱ्याने:
"गंगाबाई. नवघर गावची सुईण. शाळेत कधी गेल्या नाहीत. ऐकून ऐकून वाचायला शिकल्या. गावाची पत्रं वाचून दाखवत."
खालची कड राहिलीय. सुई तशीच टोचून ठेवलेली.
नसीम आली. म्हणाली, "अम्मा, तुम्ही गोधड्या शिवता. एवढी कड घालून द्या ना." जानेवारीत शाळेचं संमेलन आहे, तेव्हा सगळी दोरी लागणार. ती बघून हेडसर ठरवणार, पुढच्या वर्षी ह्यांना तास द्यायचा की नाही. द्यायची इच्छा दिसत नाही, कुंदा होती तोवर तिच्या तोंडाला भ्यायचे.
हो म्हटलं. हाताला काही तरी पाहिजे.

१९ नोव्हें.
कड घालत नाही. बघत बसते.
लिहूनच टाकते. वही माझी, वाचतंय कोण.
सासू शाळेत गेली होती. ह्याच शाळेत, जिथे संमेलन आहे त्या गावातल्या जुन्या मराठी शाळेत. माहेर तिचं दोन आळ्या सोडून. कुंदाला वाटतच होतं, की एवढं सरळ वाचणारी बाई ऐकून शिकणार नाही. मला विचारलं, "सासूबाईंचं माहेरचं नाव काय होतं? जुन्या रजिस्टरात बघते." मी बोंबील साफ करत होते. म्हटलं, गंगाच. बदललं नाही त्यांचं.
खोटं.
सोनी होतं. एकदा तापात बोलली, "मी सोनी हाय गो. गंगा ह्या घरान केली." ताप उतरल्यावर मी एकदा सोनी म्हणून हाक मारून बघितली, तर पळीने मारलं.
कुंदा तीन वेळा शाळेत जाऊन बसली. रजिस्टरात गंगा शोधली. मिळणार कुठून. मग ते "ऐकून ऐकून" लिहिलं.

२० नोव्हें.
का खोटं सांगितलं तेही लिहिते. मी सोळाची, ह्या घरात नवीन. माहेरून पाटी आणलेली, दुसरीची. दुपारी मागच्या दाराला बसून गिरवायची. सासूने बघितलं. स्वतः गावाची पत्रं वाचणारी बाई. पाटी घेतली, चौकट चुलीत घातली, दगड मागच्या पायरीला लावला. "वाचून मना काय भेटलं? त्याच चुलीपुढं बसली." वीस वर्षं त्या पाटीवर पाय देऊन मी पाणी आणलं.
आणि तिला भिंतीवर टांगणार, पोरं टाळ्या वाजवणार. म्हटलं, गंगाच.

२ डिसेंबर
वि. ने बायकोच्या साड्या काढल्या, पलंगावर ठेवल्या, परत कपाटात ठेवल्या. मी जेवायला वाढलं. वरण-भात.

२१ डिसें.
कड घातली. दिली. संपलं.

८ जानेवारी २००८
संपलं कुठलं. नसीमने शाळेत ओढून नेलं. दोरी कशी लागते ती बघायला वर्ग मिळालेला, आणि तिला एकटीला दोन टोकं धरता येत नाहीत. मी एक टोक धरलं. शाळा तीन मजली झालीय, आमच्या पायरीसारखी एक पायरी तेवढी जुनी.
त्याच दिवशी पालकांची सभा. आया वर्गात येऊन बघून गेल्या. सासूच्या लुगड्यापुढे सगळ्यात गर्दी. नसीम हळूच म्हणाली, "बघा, ये सबको पसंद आता है. शाळेत न जाता शिकली ना."
आठवीतली एक पोरगी, दोन वेण्या, आईबरोबर उभी. आईच्या हातात भाजीची पिशवी. आई पोरीला म्हणाली, "हे बघ, वाच. ही बाय शाळेत न जाता शिकली. तू बी शिक घरी बसून. धाकट्याला कोन बघनार, मी कामाला गेल्यावर?"
पोरगी निळी अक्षरं परत वाचायला लागली, बोट लावून.
मी दोरीचं टोक धरून उभी. हात सोडता येईना. सोडला असता तर सगळ्या बायका खाली.

९ जाने.
जेवण गेलं नाही. वि. म्हणाला, "आई, बी.पी.ची गोळी घेतलीस?" घेतली.
त्या पोरीचं तोंड डोळ्यापुढनं जात नाही. काही वाटत नाहीये, तेवढं तोंड दिसतंय.

१० जाने.
नसीमच्या घरी गेले. पहिल्यांदाच. चौथा मजला, लिफ्ट बंद. दम लागला म्हणून बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायच्या आधीच सांगितलं, सासूचं नाव सोनी होतं. वडलांचं हिरू. मला माहीत होतं.
ती समोर बसली. मग म्हणाली, "कुंदा तीन दफा गई थी, अम्मा. तिसऱ्या वेळेला तिचं डोकं एवढं दुखत होतं की मी हात धरून पायऱ्या उतरवल्या."
मला माहीत नव्हतं.
"क्यों?"
पाटीचं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. पाणी प्या म्हणाली नाही, उठून गेलीपण नाही.

११ जाने.
दोघी शाळेत. क्लार्कने जुनं रजिस्टर काढायला तासभर लावला. "पुन्हा? त्या ताई तीनदा येऊन गेल्या." मग आठवलं त्याला, ताई आता नाहीत. रजिस्टर आमच्यापुढे सरकवलं.
कागद पापडासारखा. नसीमने बोट फिरवलं. मीच आधी वाचलं.
सोनी हिरू. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. हजेरी जवळजवळ पुरती. शेवटी शेरा: "लग्न झाले. नाव कमी केले."
नसीम रडली. मी क्लार्कला विचारलं, पंखा जोरात का लावलाय, पान फाटेल.

१३ जाने.
भांडण. न. म्हणते "शाळेत गेल्या नाहीत" उसवू आणि "चौथीपर्यंत शिकल्या, लग्नामुळे शाळा सुटली" लिहू. बास. मी म्हटलं, लिहायचं तर सगळं लिही. सुनेची, म्हणजे माझी, पाटी चुलीत घातली तेपण.
"अम्मा, बच्चों के सामने? मग त्यांना त्या आवडणार नाहीत."
नको आवडू दे. मला कुठे आवडायची. चाळीस बाळंतपणं बघितली तिच्या हातची, एक बाई दगावली नाही. आणि माझी पाटी जाळली. दोन्ही तीच.
"हेडसर तास बंद करतील."
करतीलही.
मग ती म्हणाली, "और कुंदा से झूठ बोला, वो भी लिखूं?"
मी म्हटलं, जागा उरली तर.
दोघी हसलो. तिने पटकन तोंडावर हात घेतला, सुतकात हसल्यासारखी. माझं आपोआप थांबलं.

१५ जाने.
उसवायला बसले. कुंदाचे टाके बारीक. मला वाटायचं हिला शिवता येत नाही, तोंडावर म्हणायचीही. एकेक टाका कात्रीच्या टोकाने. "ऐकून ऐकून" ला पाऊण तास गेला. निळा दोरा गोळा केला, टाकवेना, चष्म्याच्या घरात ठेवला. लिमलेटची गोळी तिथेच. मुंगी लागलीय, झटकली.
लुगड्यावर भोकं राहिली. जवळ धरलं तर जुनं अजून वाचता येतं.

१७ जाने.
नवीन माहिती शिवली, लाल दोरा, माझे टाके मोठे, वाकडे. पाटीचं आहे त्यात. शेवटच्या ओळीला न. म्हणाली, "माहिती कुणी दिली ते आम्ही नेहमी लिहितो. तुमचं माहेरचं नाव?"
उद्या सांगते म्हटलं.
"कुंदासाठी तुमचा उद्या दोन वर्षांत उगवला नाही."
तोंडाळ आहे. कुंदाने बरोबर शोधली.
संध्याकाळी वि. ला विचारलं, माझं पहिलं नाव माहितीय तुला? टीव्हीचा आवाज बंदच होता. म्हणाला, "राधाच ना?"

१९ जाने.
आज संमेलन. साडी नेसून बसलेय, वि. पण येतो म्हणाला, कारण विचारलं नाही. सुई आणि लाल दोरा पदराला टोचून घेतलाय, लुगड्यावर एका ओळीची जागा आहे. न. ने निरोप धाडलाय, दोन वेण्यांवालीच्या आईला बोलावलंय, येईल की नाही सांगता येत नाही. हेडसरांनी कालच लुगडं बघितलं, "बघू" एवढंच बोलले.
वहीचं पहिलं पान उघडून ठेवलं होतं सकाळपासून. माहेरच्या नावाची ती रिकामी जागा. त्या नावाने मला शेवटची हाक आईने मारली, बैलगाडीच्या मागे चालत, मी वळले नाही. लिहायला घेतलं तर पहिलं अक्षर कसं काढायचं त्यावर हात अडला. त्या पाटीवर हेच गिरवत होते.
खाली रिक्षा आली. न. ओरडतेय, "अम्मा, चला, दोरी तुमच्याशिवाय लागत नाही!" वि. चपला घालतोय.
कुठल्या नावाने उभं राहायचं ते जिना उतरताना बघते. तीन मजले आहेत.