अप्पांचे डोळे आणि ज्येष्ठमध

॥ श्री ॥
बंगलोर, ता. ४ फेब्रुवारी १९६१

ती. गंगव्वाअक्कास परसूचा शि. सा. न. वि. वि.

अप्पांना मोठ्या दवाखान्यात ठेवले आहे. डॉक्टर विश्वेश्वरांनी दिव्याने डोळ्यांत पाहिले. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दाबाने फुटल्या आहेत, म्हणाले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांचा रस वाढला की अंगात मीठ साठते, रक्ताचा दाब चढतो आणि डोळ्यांना मार बसतो. तिथे गाठ असावी अशी त्यांना शंका आहे. पोट उघडावे लागेल. दाब उतरला नाही तर उरलेली नजरही जाईल. मी सगळे दोनदा विचारून घेतले, तेव्हा परीक्षेला बसणार आहेस काय, असे डॉक्टरांनी विचारले. अप्पा मात्र खाटेवर बसून भजने म्हणतात आणि सगळा वॉर्ड टाळ्यांनी ठेका धरतो. काळजी तू करू नकोस, ती मी करतो आहे. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा परसू

येळ्ळूर, ता. १० फेब्रुवारी

चि. परसूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. सातवीत गुरुजींना एकदाही विचारले नाहीस आणि आता डॉक्टरांना दोनदा विचारतोस, म्हणून तुझे दाजी हसले. तिकडे निघालेल्या भागुबाईबरोबर ज्येष्ठमध पाठवते आहे. अप्पांच्या गालात दिवसभर कांडी लागते. नेलेला संपत आला असेल. गळा बसला तर माणूस खचेल. डॉक्टरांनाही थोडा दे, बिचारे दिवसभर बोलतात. जिवाला जप.

तुझी अक्का

बंगलोर, ता. २२ मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

डॉक्टरांना कांडी दिली. त्यांनी ती हातात फिरवली, अप्पा किती खातात ते विचारले आणि खुर्चीत बसलेच. ज्येष्ठमध फार झाला की अंगात त्या रसासारखेच काम करतो, म्हणाले. पोट उघडायचे थांबवले आणि ज्येष्ठमध बंद केला. अप्पा चिडले, गळ्याचे औषध डोळ्यांना कसे लागेल, या डॉक्टराला स्वल्प तरी कळते का! शेवटी गंगव्वानेच बंद करायला कळवले आहे, असे खोटे सांगितले. तेव्हा लगेच सरी, बरं तर, म्हणाले. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू पाठवलास म्हणूनच उलगडा झाला.

दाब उतरला आहे. उजवा डोळा थोडा अधूच राहील, पण डावा शाबूत राहतो, असे डॉक्टर ठामपणे सांगतात. मी दोनदा विचारले. आज सकाळी अप्पांनी मला खिडकीपाशी नेले, बराच वेळ तोंडाकडे पाहिले आणि ही मिशी कुणाला विचारून ठेवलीस, म्हणून दरडावले.

अक्का, मिशी ठेवून दीड वर्ष झाले. उद्या काढतो आहे.

तुझा, मायेचा धनी
परसू