दंतवैद्यावर दात

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. हेतू एकच, सूड. हवामान, वजन, व्यायाम वगैरे फालतू नोंदी करणार नाही.

काय झालं ते स्वतःसाठीच लिहून ठेवतो, म्हणजे राग निवायला नको. हुबेहूब छोट्या गाड्या बनवणाऱ्या आमच्या मॉडेल क्लबचं मागच्या वर्षीचं प्रदर्शन. माझी ब्रिटिश लष्कराची लॉरी, सन १९४३, वीतभर लांब, ताडपत्रीला खऱ्या कापडाच्या सुरकुत्या. क्लबचा सेक्रेटरी धंद्याने दंतवैद्य आहे. तो डोळ्याला भिंग लावून बराच वेळ वाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की काम सुरेख आहे, पण ही युद्धावर निघालीय की बागेला पाणी घालायला? म्हणे १९४३ साली हिरव्या रंगाची टंचाई होती, गाड्या ब्राउन रंगवायचे. लोक हसले. तेव्हापासून क्लबात माझं नाव माळीबुवा. परवा बायकोनेही तीच हाक मारली. चुकून, म्हणे.

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रदर्शन आहे. तीच लॉरी, तोच हिरवा, आणि सोबत पुरावा. त्याचे दात त्याच्याच घशात घालणार.

५ जानेवारी
उजवी खालची दाढ ठणकते आहे. वर्षभर दातओठ खाल्ल्याचा परिणाम. बायको म्हणाली, दाखवून या. कुणाला? आपल्या भागात दंतवैद्य एकच. ऐन सुडाच्या तोंडावर शत्रूपुढे तोंड उघडणं मला जमणार नाही, असं बाणेदारपणे सांगितलं. लवंगेचं तेल लावलं. जीभ भाजली.

९ जानेवारी
साहेब जेवायला गेल्यावर ऑफिसात संशोधन. इंटरनेटवर ब्रिटिश लष्कराच्या रंगांचा तक्ता मिळाला. ऑफिसच्या प्रिंटरवर छापला तर १९४३च्या चौकोनात चक्क ब्राउन. प्रिंटरची निळी शाई संपली असणार, निळ्याशिवाय हिरवा कसा उमटणार? पलीकडच्या टेबलावर अपघाताचे क्लेम बघणाऱ्या बाई बसतात. त्यांनी लगेच एका ठोकलेल्या गाडीचा फोटो छापला. गाडी निळी होती, निळीच आली. एकूण प्रिंटर बेभरवशाचा. तक्ता फाडून टाकला.

१४ जानेवारी
लायब्ररीतून तीन जाड पुस्तकं आणली. तिन्ही लेखक ब्राउन म्हणतात. एकाने चूक केली, बाकीच्यांनी उतरवून काढली. मी असल्या कॉपीबहाद्दरांना भीक घालत नाही. सरळ मूळ फोटोंकडे वळलो. सगळे ब्लॅक अँड व्हाइट आहेत, पण खिडकीशी नेऊन डोळे बारीक केले की करडा रंग स्पष्ट हिरवट दिसतो. बायकोला दाखवला. तिला दिसला नाही. तिला चष्म्याचा नंबर आलाय हे बोललो, ते बोलायला नको होतं.

दाढ: बरी आहे. म्हणजे ठणका आता एका जागी न राहता कानापर्यंत जातो.

२१ जानेवारी
विजय! लष्करी संग्रहालयाच्या मागच्या आवारात खरी लॉरी उभी आहे. पाटीवर लिहिलंय १९४३. आणि रंग? हिरवा! अगदी माझा हिरवा. पाहून डोळ्यांत पाणी आलं (अर्धं दाढेमुळे).

बायकोला वॉचमनला बोलण्यात गुंतवायला सांगितलं होतं. दोघांचेही गुडघे दुखतात असं निघालं, त्यामुळे वेळच वेळ मिळाला. मी मडगार्डखाली शिरून तिच्या नखं घासायच्या कानशीने नखाएवढा पापुद्रा काढला. शर्ट गेला, कानस गेली. युद्धात नुकसान व्हायचंच.

२२ जानेवारी
पापुद्रा पांढऱ्या कार्डावर चिकटवला, हिरवी बाजू वर. मागून जरा तपकिरी आहे. गंज, दुसरं काय.

३० जानेवारी
भाषणाची तालीम. सुरुवातीला त्याची स्तुती करायची, त्याला हुरळू द्यायचं, आणि मग कार्ड नाकावर टिच्चून ठेवायचं. शेवटी त्याने सर्वांसमोर माफी मागायची. मी ती लगेच देणार नाही. त्याने दाताच्या कण्या केल्या की मग बघू.

गाल सुजलाय. 'पुरावा' म्हणायला गेलं की 'पुलावा' होतं. सात दिवस लापशीवर आहे. बायको म्हणते, अहो, रंगापायी जीव द्याल. तिला इतिहासाची कदर नाही.

१५ फेब्रुवारी
प्रदर्शन झालं. लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

भाषण केलं. निम्मं कुणाला कळलं नाही, पण कार्ड सगळ्यांनी पाहिलं. दंतवैद्यानेही पाहिलं आणि शांतपणे म्हणाला की ती संग्रहालयातली लॉरी त्यानेच रंगवलीय, दहाएक वर्षांपूर्वी, हौसेने. तो ब्राउनसाठी हटून बसला होता, पण तिथले साहेब म्हणाले की मिलिटरी म्हटलं की लोकांना हिरवंच लागतं. मग त्याच्या दवाखान्याच्या गेटच्या हिरव्या रंगाचा उरलेला डबा होता, तो लावला.

मी म्हटलं, थाप. त्याने खिशातून टोकदार हत्यार काढलं, मला विचारून पापुद्रा अलगद उचलला आणि उलटा केला. मागे ब्राउन. जाड, तुळतुळीत. गंज बोटाला लागतो, हा लागेना.

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने पापुद्रा खाली ठेवला आणि माझ्या गालाकडे पाहत म्हणाला, "लॉरीचं राहू द्या हो. तोंड उघडा बघू."

सगळ्या क्लबासमोर. उघडलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ
रात्रभर दाढ ठणकली. काल तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं.

बायको हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. गेट हिरवं आहे. जरा वेळ तिथेच उभा होतो.

जबडा बधिर झाल्यावर त्याने दाढ उपटली, आणि उपटता उपटता रंगांची टंचाई पहिल्यापासून समजावून सांगितली. मी एकाही मुद्द्याचं खंडन केलं नाही, कारण तोंडात त्याचा हात होता. मग कापूस कोंबताना त्याने विचारलं, काय, पटलं ना आता ब्राउन?

त्याची दोन बोटं माझ्या दातांमध्ये होती. वर्षभर वाट पाहिली ती हीच घटका. होता नव्हता तेवढा सूड एकवटून कचकन चावलो.

बोटं केव्हाच बाहेर निघाली होती. "शाब्बास, माळीबुवा," तो म्हणाला. "कापूस अस्साच घट्ट धरून ठेवा, अर्धा तास."

धरला.