अर्धा चेहरा आणि सहा मुखवटे

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला तो या वेळी आळसामुळे नाही. गेल्या मंगळवारी सकाळी चूळ भरली ती तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून थेट गळ्यावर. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा रुसून बसलेला. डावा डोळा मिटत नाही, भुवई हलत नाही, हसले की तोंड उजवीकडे पळतं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत सुधारतं. बहुतेकांचं! तो एक शब्द घेऊन मी आठ दिवस फिरते आहे. आणि शीळ वाजत नाही रे, नुसती फुंकर येते.

अकरा वर्षं नाट्यवर्गात मी चेहरे करून दाखवत शिकवलं. कंजूष सावकार असा, भेदरलेला शिपाई असा. आता दाखवायला उरलं काय? मुलांचं नाटक एप्रिलमध्ये आहे आणि मी रजा टाकून घरात बसले आहे. राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त तारीख घालायची बाकी. वहिनीला सांगू नकोस, ती रडेल.

तुझा लोभ सरळ माणसाचा आहे, तो वाकड्या तोंडावरही असू द्यावा.

तुझी,
शिट्टी (आता नावापुरतीच)


ता. १५ फेब्रुवारी

चि. शिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीनेच फोडलं, त्यामुळे लपवायचा प्रश्न मिटला. रडली नाही. रात्री डोळ्याला पट्टी लावतेस की नाही, एवढंच विचार म्हणाली.

सोबत सहा मुखवटे पाठवतोय. तीस वर्षं लोकांच्या कवळ्या करतोय, प्लास्टरचा साचा म्हणजे माझ्या हातचा मळ. या वेळी नाकात दोन नळ्या खुपसून स्वतःच्याच चेहऱ्याचा काढला. त्यावर कागदाचा लगदा आणि पांढरा रंग. ना हसरा, ना रडका. तुझ्या वहिनीचं म्हणणं, निर्विकार चेहरा हवा असेल तर माझ्याइतका सोयीचा दुसरा मिळाला नसता.

हे मुलांच्या तोंडावर चढव. चेहरा झाकला की मान, खांदे, पाय आपोआप कामाला लागतील. राग मानू नकोस, पण गेल्या वर्षी तुमच्या नाटकात राजापासून हवालदारापर्यंत सगळे तुझीच डावी भुवई उडवत होते. तेव्हा बोललो नाही, कारण तू फार खुशीत होतीस.

लहानपणी तू रोज किल्ली विसरायचीस आणि खालून शीळ घालायचीस, दोन आखूड, एक लांब. आई तुला ओरडायची आणि मी दार उघडायचो. ती शीळ येईल परत. तोवर राजीनाम्यावर तारीख घालायची नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
दादा


ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भुवईचा मला आधी भयंकर राग आला. मग वर्गात गेले आणि पटलं. पाच मुखवटे मुलांना आळीपाळीने दिले. आमचा बडबड्या पहिल्यांदाच गप्प झाला आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. लाजरी म्हणून एक मुलगी आहे, दोन वर्षं भिंतीला चिकटून असते. तिनं मुखवटा लावला आणि नुसत्या गुडघ्यांतून थकलेला म्हातारा पोस्टमन उभा केला.

सहावा मी लावते, वर्गात शिरण्याआधीच. मुलांना वाटतं, ही बाईंची नवी पद्धत. झाकली मूठ सव्वा लाखाची!

वहिनीला नमस्कार. आठवण ठेवावी.

शिट्टी


ता. ९ मार्च

चि. शिट्टीस,
आशीर्वाद.

मुखवटे मुलांसाठी होते, त्यातला एक तू लाटलास. माझ्याकडे येणारे सगळेच आधी तोंडावर हात धरून बसतात. हात बाजूला केल्याशिवाय मला माप घेता येत नाही आणि त्यांना घास चावता येत नाही. जास्त काय लिहू? शहाणी आहेस.

दादा


ता. २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काढला. काल वर्गाच्या मधोमध उभी राहिले आणि डोळे मिटून (एकच मिटला!) मुखवटा काढला. मग काय झालं असेल सांग? बाराच्या बारा मुलांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आपापली तोंडं उजवीकडे वाकडी केली! त्यांना वाटलं, मी नवीन पात्र दाखवतेय. बडबड्यानं तर अदबीनं विचारलं की बाई, हे पात्र वयानं केवढं आहे.

मी इतकी हसले की खाली बसले. अर्ध्या तोंडानं हसता येतं, दादा. मग सगळं सांगितलं. मुलं ओशाळली, दोघी रडल्या. लाजरीनं मात्र मुकाट्यानं मुखवटा उचलला, लावला, खडू कानामागे खोचला, मनगटानं नसलेला चष्मा वर ढकलला आणि खोलीभर खडू शोधत फिरू लागली. सगळे एका सुरात ओरडले, बाई! चेहरा तुझा, तोही कोरा, आणि तरी पोरांनी मला ओळखलं. माझा जीव भांड्यात पडला. दीड महिना मी घाबरले होते की चेहऱ्याबरोबर मीच गेले.

वहिनीला सांग, आनंदानं रडायचं असेल तर आता परवानगी आहे.

शिट्टी


ता. ३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डावा डोळा परवापासून मिटतो. चहा आता गळ्यावर सांडत नाही. भुवई अजून हलत नाही, पण तिची कुणाला गरज उरलेली नाही. हा कागद उलटून पाहा, पाठीमागे राजीनामा आहे. तारीख न घातलेला, चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा?

रविवारी अकराला येते. बेल वाजवणार नाही. दोन आखूड नीट जमतात, लांब मात्र अजून मध्येच तुटते. तुटली तरी ओळख आणि दार उघड, एवढा लोभ असावा.

तुझी,
शिट्टी