आपल्या दारावरची लाल चकती

प्रिय लिगिया मोल्दोवान,

पूर्ण नावाने संबोधतो आहे, कारण आपल्या इमारतीच्या अहवालाखाली तू याच नावाने सही केली होतीस, आणि मला त्या सहीविषयीच लिहायचे आहे.

तुझा चाळिसाव्या दिवसाचा विधी तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, पार पडला. विधीसाठी गव्हाची गोड कोलिवा मी स्वतः शिजवली. गहू किंचित कच्चा राहिला. मोठ्या भूकंपात ही इमारत टिकणार नाही असे लिहून तू दारावर लाल चकती लावलीस, तेव्हापासून जे शेजारी जिन्यात तुझ्याकडे पाठ फिरवत, ते सगळे आले. मृताच्या नावाचे अन्न नाकारता येत नाही. झाम्फिराबाईंनी तर दोनदा घेतले. "साखर कमी पडली हो सर, लिगिया असती तर ओरडली असती तुम्हाला," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मग सोसायटीच्या अध्यक्षाने, दोरूने, बशी सारून कागद पुढे केला. "अहो सर, तिला वाईट कोण म्हणतंय? आजारी होती बिचारी. अहवाल लिहिताना डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच लिहून द्या. दुसरा इंजिनिअर तयार आहे. चकती निघाली की घरं विकली तरी जातील." झाम्फिराबाई म्हणाल्या, "ऐंशीव्या वर्षी मी कुठं जाऊ, सांगा की! सत्त्याहत्तरचा भूकंप ह्याच भिंतींत काढला मी." मी एवढेच म्हणालो, की तळमजल्यावरच्या बेकरीने काच मोठी करण्यासाठी खांब तासला आहे. तो तू मोजलास तेव्हा तुझे आजारपण सुरूही झाले नव्हते. "खांब, खांब! बायको गेली, तरी ह्यांचा खांब काही हलत नाही!" दोरू कडाडला. कोणीतरी हसले. मी सही केली नाही.

माझ्या नकाराने काहीच थांबले नाही. बुधवारी दुसऱ्या अभियंत्याचा कागद आला आणि गुरुवारी दोरूने शिडी लावून चकती उतरवली. मी तुझ्या कार्यालयाला दोन पत्रे लिहिली, उत्तर नाही. प्रत्येक मजल्यावर दार वाजवले. लोकांनी मला कॉफी दिली. सामान कोणी बांधले नाही. मी जाणार हे कळताच आपल्या घरासाठी दोरूने भाडेकरू आणले होते, एक तरुण जोडपे आणि त्यांची लहान मुलगी. मी घर दिले नाही. ते चौथ्या मजल्यावर राहायला आले.

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहितो. अहवाल देण्याच्या आदल्या संध्याकाळी मीच तुला म्हणालो होतो, "बाकीच्या सगळ्या इमारती लिही, आपली एवढी वगळ." तू रागावली नाहीस. चष्मा काढून म्हणालीस, "तिबेरियु, मग बाकीच्यांना मी काय सांगू?" आणि पुन्हा मोजमापे तपासू लागलीस. आजारपणात क्षमा मागायला सात महिने होते. मी औषधांच्या वेळा लिहीत राहिलो. आज मागतो आहे, आणि ते ऐकायला तू नाहीस. मी बहिणीकडे निघालो आहे. झाम्फिराबाईंनी वाटेसाठी पाव बांधून दिला. त्या येत नाहीत.

तुझाच, फार उशिरा,
तिबेरियु

ता. क. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. दाराला कुलूप लावले. तपासणीसाठी तू घेतलेल्या तळघराच्या व गच्चीच्या किल्ल्या दोरूला परत केल्या.