देवाच्या जास्वंदीचा कंडिशनर

बोरिवली,
गुरुवार

तीर्थरूप शेवंती आक्का हिला,
धाकटा भाऊ गुणाजी याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (हल्ली माझे डोके ठेवले काय आणि आरसा ठेवला काय, तुला फरक वाटणार नाही.)

तुझ्या गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू असेलच. भावोजींचा खोकला कमी झाला का? कपिला व्याली का? ‘इकडील सर्व क्षेम’ असे लिहायला घेतले आणि पेन थांबले. शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवले, पण हे वाक्य खरे नसेल तर त्याच्या जागी काय लिहायचे ते शिकवले नव्हते. म्हणून जागा मोकळी सोडून पुढे जातो.

तू आपल्या जयवंताबरोबर पाठवलेली शिकेकाई आणि रिठे पोचले. ते मी कशासाठी मागवले हे तू विचारले नाहीस, हा तुझा चांगुलपणा. आमची नलिनी अंधेरीला हापिसात लागल्यापासून घरात शाम्पूची बाटली आली. बाटली नलिनीची, पण तिची आई, आमची प्रेमाही, त्यात वाटेकरी झाली, आणि वाण्याकडे माझी फेरी वाढली. एवढ्यावर भागत होते तोवर मी गप्प होतो. मग एक दिवस नलिनी म्हणाली, “बाबा, शाम्पूने केस कोरडे होतात, आता कंडिशनर पाहिजे.” मी त्यावर बराच विचार केला. आधी तेल लावायचे, मग ते काढायला शाम्पू, मग जे काढले तेच परत आणायला तिसरी बाटली. (माणूस जन्मभर दुसरे काय करतो म्हणा. पण त्यासाठी वाण्याकडे जावे लागत नाही.) तेव्हा ठरवले की या दोन्ही वस्तू घरी करायच्या. तू तुझे केस कसे धुवायचीस ते मला आठवत होते, आणि तेवढ्या आठवणीवर मी पातेले चुलीवर चढवले.

रिठ्याच्या वाफेने सगळ्या घराचे डोळे चुरचुरले ते सोड. पण नलिनी म्हणाली, “बाबा, याला फेस कुठाय?” आता शहरातल्या मुलीला फेस दिसल्याशिवाय स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाही. म्हणून मी त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. फेस झकास आला. कंडिशनरसाठी तुझीच युक्ती केली, जास्वंदीची पाने वाटून त्यांचा बुळबुळीत गर. तो मी शाम्पूतच मिसळला, म्हणजे दोन बाटल्यांचे काम एका तांब्यात.

आता पाने कुठली, ते सांगतो, आणि इथूनच माझी झोप गेली आहे. आमच्या इमारतीच्या फाटकाशी लाल जास्वंदीचे एक मोठे झाड आहे. तळमजल्यावरच्या मोनिकाबाईंच्या वडिलांनी, इसिडोर बाबांनी, ते लावले. त्या वेळी इथे त्यांचे शेत होते. इमारत झाली, शेत गेले, झाड राहिले. जिन्याखालच्या आमच्या गणपतीला फुले याच झाडाची, आणि कुणी कुठल्या दिवशी तोडायची याची प्रत्येक बिऱ्हाडाला पाळी आहे. पण आक्का, पाळी फुलांची आहे. पानांबद्दल कधी कुणी काही ठरवलेले नाही. तरीही पहाटे झाडाला हात जोडून, माफी मागून, मोजकीच पाने घेत असे. आणि घरी बजावून ठेवले होते की हे देवाच्या झाडाचे आहे, वाया घालवू नका.

गुण असा आला की काय सांगू. दोघींचे केस मऊ, चमकदार, नलिनीची वेणी तर नजर लागावी अशी. रविवारी आणि बुधवारी मी पातेले भरून करायचो आणि तांब्या रिकामा बघून देवाचे आभार मानायचो. मनात थोडा अहंकार आला असेल. तो देवाने लगेच पाहिला.

कारण झाडाची पाने पिवळी पडू लागली. मग गळू लागली. मी तोडणे बंद केले, आधी वाटून ठेवलेल्या गरावर भागवले, तरी गळतच राहिली, आणि आता नुसत्या काटक्या उभ्या आहेत. येत्या मंगळवारी अंगारकी आहे आणि झाडावर कळी नाही. आमचा सेक्रेटरी नंदकुमार, तोंडाचा फटकळ मुलगा, याने अंगणात सगळ्यांना जमवले. झाडाकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, “काका, झाड तुमच्यावर गेलं बघा.” लोक हसले. मीही हसलो. मग कुणीतरी म्हणाले की मोनिकाबाई कपडे बाहेर धुतात, साबणाचे पाणी तिकडेच जात असणार. त्यांना त्याचे काय, त्यांचा देव वेगळा. मोनिकाबाई पदर खोचून आत गेल्या. नंदकुमारने ठरवले की मंगळवारपर्यंत पहाटे पहारा ठेवायचा, म्हणजे त्या सापडल्या की बाहेरचा नळच बंद करायचा. आणि पहाऱ्याला विश्वासू माणूस कोण, तर मी.

मी धीर करून म्हटले, “अरे, पानं मीच तोडत होतो.” त्यावर नंदकुमार सगळ्यांना म्हणाला, “बघा, म्हातारीला वाचवायला दुसऱ्याचं पाप स्वतःवर घेतायत. असा माणूस मिळायचा नाही.” आक्का, खरे बोलूनही ते खोटे ठरले तर माणसाने पुढे कुठे जायचे?

तेव्हापासून मी रोज पहाटे स्टूल टाकून स्वतःला पकडायला बसतो. काल नलिनी तांब्या घेऊन खाली आली, झाडाच्या मुळाशी पाणी घातले, नमस्कार केला. मला पाहून दचकली. माझे डोळे भरून आले. बाप झाड ओरबाडतो आणि पोर त्याला पाणी घालते. देवाने तिच्या हातून मला बोलच लावला.

सर्वांना यथायोग्य सांगणे. लहानांच्या डोक्यावरून माझ्यातर्फे हात फिरव, त्यांना केस आहेत.

तुझा,
गुणाजी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. हे पत्र जयवंत उद्या रात्रीच्या एस.टी.ने आणतो आहे आणि रविवारी परत निघेल. त्याच्याबरोबर तुझ्या विहिरीजवळची तांबडी जास्वंद, कळ्यांसकट, डब्यात माती घालून पाठव. भावोजींना झाडाचे कारण सांगू नकोस.

ता. क. दुसरा. वरचे पत्र आमच्या प्रेमाने वाचले आणि ती खालीच बसली. म्हणाली, “अहो, तुमच्या त्या सोड्याने पहिल्याच दिवशी केसांचा काथ्या झाला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आम्ही वाण्याकडच्या शाम्पूच्या पुड्या वापरतो.” मग माझा तांब्या रिकामा कसा व्हायचा? तर देवाच्या झाडाची पाने त्यात, ती मोरीत कशी ओतायची? म्हणून निर्माल्याचे पाणी घालतात तसे ते सगळे नलिनी जास्वंदीच्या मुळाशी घालत होती. सोड्यासकट. नमस्कार करून.

ता. क. तिसरा. जयवंत दारात उभा आहे, घाईत लिहितो. आम्ही दोघे मोनिकाबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, “अरे गुणाजी, तुझी पोरगी तांब्या घेऊन येते, हात जोडते, ओतते, मी रोज बघते. मी बोलले, यांचं काहीतरी व्रत असेल. देवाच्या कामात मी कशाला तोंड घालू?” म्हणून त्या बिचारीने इतके ऐकून घेतले. मी त्यांना घेऊन नंदकुमारकडे गेलो, सगळे सांगितले. त्याने त्यातला फक्त मोनिकाबाईंचा ‘व्रत’ हा शब्द ऐकला आणि म्हणाला, “व्रत होतं तर आधी सांगायचं ना, काका.” नळ वाचला. मोनिकाबाईंनी मुळाशी बादल्या ओतायला घेतल्या आहेत, त्यांना वाटते झाड फुटेल. तू तरी डबा पाठवच. पण नंदकुमारने व्रताची गोष्ट इमारतभर केली, आणि आत्ता तीन बायका प्रेमाकडे येऊन बसल्या आहेत. नलिनीसारखे केस येतात ते व्रत कोणते, किती दिवसांचे, उद्यापन कसे, असे विचारतात. प्रेमा माझ्याकडे बघते आहे. तेव्हा डब्याबरोबर या व्रताचे एखादे बरेसे नाव लिहून पाठव, आणि त्यात सोडा नसेल एवढे बघ.